वडील वाचले, म्हणून बहिणीचा राग सोडायचा का?

सोलापुरातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. पत्र लांब होतं. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

"2010 साली माझी मोठी बहीण बाळंतपणात गेली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात. रक्तस्राव थांबेना. रात्रभर आम्हाला कुणी नीट काही सांगितलं नाही, आणि पहाटे सांगितलं ते एवढंच की आता उपयोग नाही. त्या दिवसापासून 'सरकारी दवाखान्याची पायरी चढायची नाही' हा आमच्या घरचा नियमच झाला. मी तो घरापुरता ठेवला नाही. शाळेत, नात्यात, शेजारी, जो विचारेल त्याला सांगत आले. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी सिव्हिलला नाव घालायला निघाल्या होत्या. त्यांना मीच अडवलं. मुलीचं खासगीत सिझर झालं. बिल भरायला मावशींनी मंगळसूत्र गहाण टाकलं, ते अजून सुटलेलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर माझे वडील (वय 68) रात्री ज्वारीला पाणी द्यायला गेले आणि त्यांना घोणस चावली. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिथेच इंजेक्शन सुरू केलं आणि 108 ची गाडी बोलावली. मी शहरातून एका खासगी रुग्णालयाला फोन केला. ते म्हणाले, 'घोणस असेल तर सिव्हिललाच न्या.' नाइलाजाने नेलं. पुढे लघवी बंद झाली, पाच वेळा डायलिसिस झालं. 17 दिवसांनी वडील आपल्या पायांनी घरी आले. त्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना मी देवमाणसं म्हणते.

आता सासूबाईंचा (वय 72) गुडघा बदलायला सांगितलाय. मला वाटतं, सिव्हिलला दाखवावं. मिस्टर म्हणतात, तुझ्या वडिलांचं नशीब चांगलं होतं, एका अनुभवावर माझ्या आईला तिथे नेऊ नकोस. नणंदा म्हणतात, सुनेला सासूचं फुकटात उरकायचंय. शिवाय, ऐपत असताना गरिबांची जागा कशाला अडवायची? मावशींना तोंड दाखवायची मला लाज वाटते. त्यांना पैसे द्यावेत का, तेही कळत नाही. आणि सगळ्यात शेवटी, सिव्हिलचं कौतुक करायला लागले की बहिणीशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. माझं मत खरंच बदललं, की मी वाहवत गेले?"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यापाशी अडकलेत.

बहीण गेली हे खरं आणि वडील वाचले हेही खरं. या दोन गोष्टींची एकमेकींतून वजाबाकी होत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव वेळेत ओळखला, गर्भाशय आकुंचन पावायची औषधं दिली, रक्त हाताशी असलं, तर बहुतेक बायका त्यातून वाचतात. त्यामुळे 2010 सालचा तुमचा राग रास्त होता आणि आजही आहे. समजा, बहिणीला वाचवणं कुणाच्याच हातात नव्हतं. तरी बाहेर बाकावर बसलेल्या माणसांना रात्रभर काही न सांगणं हा वेगळा अन्याय होता. तो वडिलांच्या डायलिसिसने फिटत नाही. सिव्हिलमधल्या सिस्टरांनी कितीही जीव लावला असला तरी त्या दुसऱ्या रुग्णालयातल्या त्या रात्रीचं उत्तर त्यांनी द्यायचं नव्हतं, आणि दिलेलंही नाही.

बेइमानीचा सल तुम्हाला का लागतो, याचा मी बराच विचार केला. तुमचा राग सुरुवातीला एका रात्रीवर, एका वॉर्डावर, न मिळालेल्या उत्तरावर होता. बाळंतपणात बाई गेली तर तिच्या मृत्यूची चौकशी व्हावी, घरी येऊन नातेवाइकांकडून हकिकत घ्यावी, अशी पद्धत आपल्याकडे 2010 सालीच आखली गेली. तुमच्या घरी तसं कुणी आल्याचं पत्रात नाही. कुणी आलं असतं, काय चुकलं ते सांगितलं असतं, तर तो राग त्या चुकीपाशी थांबला असता. उत्तर मिळालं नाही म्हणून तो पसरत गेला आणि शेवटी 'सरकारी' या एका शब्दावर जाऊन बसला. पंधरा वर्षं तुम्ही हा शब्द बहिणीची आठवण म्हणून सांभाळलात. आता तो शब्द हलला की आठवणच हलल्यासारखी वाटते. पण ताई, आठवण त्या शब्दात नाही. बहिणीच्या बाबतीत जे झालं ते तुम्ही पूर्वीइतक्याच ठामपणे सांगू शकता, आणि वडिलांच्या बाबतीत झालं तेही. दोन्ही एकाच तोंडाने सांगायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

आता मत बदलल्याबद्दल. इथे मला तुम्हाला थोडं अडवायचंय.

पूर्वी तुम्ही म्हणत होता, सरकारी वाईट. आता म्हणता, सरकारी चांगलं. मत बदललं, पण त्याचा आकार तोच राहिला. पूर्वी एका दुःखावरून सगळ्या सरकारी दवाखान्यांचा निकाल लावला होता, आता एका कृतज्ञतेवरून लावताय. दोन्ही भावना खऱ्या आहेत. पण सासूबाईंच्या गुडघ्याचं काय करायचं, हे दोन्हींपैकी एकीलाही सांगता येणार नाही. इतपत तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे.

त्यांचं चुकतं ते 'नशीब' म्हणताना. आणि रागावू नका, तुमचंही तिथेच चुकतं, 'देवमाणसं' म्हणताना. ते नशीब म्हणाले काय, तुम्ही देवमाणूस म्हणालात काय, दोघंही एकच सांगताय की जे झालं ते नेमाने होणारं नव्हतं, योगायोगाने झालं. ते तसं होतं का, हे त्या रात्रीकडे पुन्हा एकदा बघून ठरवू या.

वडिलांना चावा बसला तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये सर्पविषावरच्या औषधाच्या बाटल्या होत्या. त्या आपोआप आल्या नव्हत्या. कुणीतरी आधीच मागणीपत्र भरलं होतं, कुणीतरी साठा मोजून मुदत तपासली होती. आपल्याकडचं हे औषध घोड्यांच्या रक्तापासून बनवतात आणि ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशा चौघांवर एकच चालतं. म्हणून साप मारून पिशवीत आणायची गरज नसते, त्यात फक्त वेळ जातो. मग 108 ची गाडी आली. ही सेवा राज्यात 2014 साली सुरू झाली, आणि ती गाडी सरकारसाठी ठेकेदार कंपनी चालवते. म्हणजे तुमच्या 'सरकारी' अनुभवात एक खासगी दुवा होताच.

सिव्हिलमध्ये पोचल्यावर त्यांनी वडिलांचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन बाजूला ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. ती वीस मिनिटांची तपासणी. कोरड्या, स्वच्छ नळीत रक्त न हलवता वीस मिनिटं ठेवायचं आणि मग नळी कलती करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणशीचं विष रक्तात काम करतंय. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागतो तो ती नळी वीस मिनिटं लक्षात ठेवणारा आणि सहा तासांनी पुन्हा तेच करणारा माणूस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात असा माणूस पहाटे तीनलाही वॉर्डात असतो, तो निवासी डॉक्टर. पुष्कळ लहान खासगी रुग्णालयांत त्या वेळी वरिष्ठ डॉक्टर फोनवर असतात. विषाने मूत्रपिंडं बसली की त्यावर सर्पविषाच्या औषधाचा उपयोग नसतो. ती पूर्ववत होईपर्यंत डायलिसिसवर माणूस तगवावा लागतो, आणि ते करायचं ठिकाण त्याच आवारात लागतं.

साप चावतो तो शेतात राबणाऱ्याला, आणि असा माणूस बहुधा सरकारी रुग्णालयातच पोचतो. सोलापूरच्या सिव्हिलला जिल्ह्यातले तालुके आहेत, धाराशिवकडून लोक येतात, सीमेपलीकडून कर्नाटकातूनही येतात. व्हरांड्यात चटई टाकून तुम्ही 17 रात्री काढल्यात, तेव्हा एका बाजूला कानडी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू ऐकलीच असेल. रोज घोणस बघणाऱ्या हातांना घोणस लवकर कळते. त्या खासगी रुग्णालयाने 'सिव्हिललाच न्या' म्हटलं, त्याला टाळाटाळ म्हणून मोजू नका. त्या रात्रीचा तो सगळ्यात प्रामाणिक सल्ला होता.

म्हणून देवमाणसं म्हणायच्या ऐवजी 'त्यांनी आपलं काम नीट केलं' असं म्हणा. ऐकायला कमी वाटतं. पण देवमाणूस भेटला असं म्हटलं की पुढच्या माणसाला तो भेटेलच असं नाही. काम नीट झालं असं म्हटलं की पुढच्या माणसाला ते मागता येतं.

तसंच 'सरकारी' ही एक वस्तू नाही. तुमच्या गावचं आरोग्य केंद्र, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची, आणि तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत आहे. सिव्हिल मात्र 1963 साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तिथले नियम वेगळे आणि काही गोष्टींना माफक शुल्क आहे. शहरातल्या कितीतरी खासगी डॉक्टरांचं शिक्षण त्याच महाविद्यालयात झालंय. आणि जे खासगी वाटतं तेही पुष्कळदा निम्मं सरकारी असतं. 2014 साली माझ्या वडिलांच्या हृदयात दोन स्टेंट बसले, एका खासगी रुग्णालयात. पैसे भरले जीवनदायी योजनेने. ही योजना 2 जुलै 2012 ला राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला सोलापूर होता. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, 'खासगीत गेलो म्हणून वाचलो.' मीही पुष्कळ वर्षं तेच म्हणत होते. बिल कुणी भरलं हे आमच्या घरात कुणाच्या तोंडी आलंच नाही. त्याची खंत मला आजही आहे.

तेव्हा तुमच्या जुन्या मताच्या जागी नवं मत ठेवण्याऐवजी दर वेळी एक साधा प्रश्न ठेवा: या आजाराला काय लागतं, आणि ते आपल्या गावात कुठे रोज होतं? साप, विषबाधा, भाजणं, मोठा अपघात, अडलेलं बाळंतपण, कुत्रं चावल्यावरच्या लशी, टीबी, यांसाठी मी स्वतः बिनधास्त सिव्हिल गाठेन. महिनोन्महिने एकाच डॉक्टरने पाठपुरावा करायचा असेल, किंवा घरी म्हातारं माणूस आहे आणि रांगेत उभं राहायला दुसरं कुणी नाही, तर सरकारी ओपीडीत दमछाक होते, हेही खरं आहे. निवासी डॉक्टर बदलत राहतात. आपली गोष्ट दर वेळी पहिल्यापासून सांगावी लागते. राज्यभरातल्या सरकारी रुग्णालयांत माणसं कमी आहेत आणि स्ट्रेचर ढकलायला नातेवाईकच पुढे होतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कौतुक करताना हे गाळू नका, नाहीतर तुमचं ऐकून जाणारा माणूस पहिल्याच दिवशी परत फिरेल.

आता सासूबाई.

तुमच्या पत्रात मिस्टर काय म्हणतात ते आहे, नणंदा काय म्हणतात ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे. सासूबाई काय म्हणतात ते नाही. गुडघा त्यांचा आहे. आधी त्यांच्याशेजारी बसून विचारा की दुखणं किती आहे, रात्री झोप लागते का, कुठे जायची भीती वाटते, दवाखान्यात सोबत कोण हवंय. बहात्तराव्या वर्षी काही बायकांना ऑपरेशनपेक्षा वॉर्डातल्या संडासाची जास्त धास्ती असते. त्या ते मुलाला सांगत नाहीत. सुनेला सांगतील.

गुडघा म्हणजे साप नव्हे. इथे घाई नाही, आणि हाच तुमचा फायदा आहे. ऑपरेशन लागणारच आहे का, हे दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. दुसरं मत घ्यायला सिव्हिलची अस्थिरोग ओपीडी ही मला चांगली जागा वाटते, कारण ऑपरेशन केलं काय, न केलं काय, तिथल्या डॉक्टरांचा पगार तोच असतो. जाताना एक्स-रे आणि सगळे जुने कागद न्या. डॉक्टर व्यायाम आणि औषधांवर काही महिने थांबा म्हणाले तर तेही ऐका. ऑपरेशनच करायचं ठरलं तर सिव्हिल असो की खासगी, दोन्हीकडे तेच प्रश्न विचारा: ऑपरेशन नेमकं कोण करणार, असे गुडघे ते किती करतात, थांबावं किती लागेल, नंतरचा व्यायाम कोण करून घेणार आणि किती दिवस. गुडघा बदलण्यात निम्मं यश त्या व्यायामाचं असतं. घरापासून रोज नेणं-आणणं कुठलं जमेल, हा प्रश्न म्हणूनच पैशांइतकाच मोठा आहे.

आणि पैशांच्या बाबतीत तुमच्या घरात जी 'फुकट विरुद्ध खासगी' अशी फाळणी झाली आहे, तिला फारसा आधार नाही. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आधार कार्डावर नोंदणी होते. सासूबाई त्यात बसतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे आपली जुनी जीवनदायी, 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या रेशनकार्डासकट सगळ्यांना लागू आहे, तिचीही मर्यादा 5 लाख आहे. दोन्हींत खासगी रुग्णालयंही आहेत, पण सगळी नाहीत. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला गाठा, आणि गुडघा कोणत्या योजनेत, कुठे होतो ते विचारून घ्या. मंजुरी ऑपरेशनच्या आधी यावी लागते. 'आधी भरा, मग बघू' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा आणि फुले योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर फोन करा. सगळं स्वखर्चाने करायचं ठरलं, तरी कृत्रिम सांध्याचं वेगळं बिल आणि त्याच्या खोक्यावरचा स्टिकर मागून घ्या. ऑगस्ट 2017 पासून या सांध्यांच्या किमतीवर केंद्र सरकारची मर्यादा आहे.

ही सगळी माहिती एका कागदावर लिहा आणि रविवारी मिस्टर, नणंदा आणि सासूबाई यांच्यासमोर ठेवा. निर्णय त्यांना घेऊ द्या. तो खासगीच्या बाजूने गेला तर तुम्ही हरलात असं समजू नका. आणि सिव्हिलच्या बाजूने गेला तर 'सुनेने नेलं' असं म्हणायला कुणाला जागा राहणार नाही. नणंदांपैकी एकीला ओपीडीला सोबत न्याच. घरबसल्या बोलणं आणि त्या रांगेत दोन तास उभं राहून डॉक्टरांशी बोलणं, यांत फरक पडतो.

'गरिबांची जागा अडवू नये' हे त्या मनापासून म्हणत असतील तर तो चांगला विचार आहे, पण उलटा लागू होतो. सिव्हिलच्या खिडकीवर केसपेपर काढताना गरीब-श्रीमंत बघत नाहीत. ते रुग्णालय तुमच्या करातूनही चालतं. शिकलेली, दोन वाक्यं लिहू शकणारी, प्रश्न विचारू शकणारी माणसं तिथून निघून गेली की मागे राहतात ती न विचारणारी माणसं. तुमची शाळा आठवा. ज्या वर्गातले बोलके पालक मुलांना काढून दुसरीकडे नेतात, त्या वर्गाचा पंखा दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात? खाटा मोजक्या आहेत हे खरं. म्हणून न लागणारं काम घेऊन जाऊ नका, ओळख लावून रांग मोडू नका. तेवढं पाळलं की तिथे जायचा तुमचा हक्क मावशींइतकाच आहे.

आणि मावशी. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त थांबले.

2011 सालापासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण पूर्ण मोफत आहे. सिझर, औषधं, रक्त, तिथलं जेवण, घरी सोडायची गाडी, सगळं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम त्याचं नाव, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. तुम्ही मावशींना अडवलंत तेव्हा हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी कदाचित अडवलंच असतं, कारण तुमच्या डोळ्यांपुढे बहीण होती. एक बाळंतीण वाचावी म्हणूनच तुम्ही बोललात. तुमच्या मनात खोट नव्हती, हे मला पत्रातूनही दिसतं. पण मंगळसूत्र गेलं ते मावशींचं. शिकलेल्या बाईचा शब्द आपल्याकडे जड असतो. ज्या घरी आपण भांडी घासतो तिथल्या बाईंचा शब्द तर मोडवतच नाही. हे वजन आपल्या लक्षात येत नाही, कारण ते आपल्याला उचलावं लागत नाही.

तोंड चुकवू नका. एका दुपारी काम झाल्यावर चहा करा, मावशींना बसवा आणि सांगा की त्या वेळी मी तुम्हाला अडवलं, ते माहितीवर नव्हतं, माझ्या बहिणीच्या दुःखावर होतं, आणि त्याचा भार तुमच्यावर पडला. बहिणीची हकिकत त्यांना माहीत आहे का? नसेल तर सांगा. कदाचित त्या म्हणतील, 'जाऊ द्या ताई, लेक आणि नातू सुखरूप आहेत ना.' तसं म्हणाल्या तरी तुमचं वाक्य पूर्ण करा.

पैशांचं म्हणाल तर, मंगळसूत्र सोडवायला मदत करायची ऐपत असेल तर जरूर करा, पण उघडपणे. दिवाळीच्या बोनसात लपवून नको, 'हातउसने' म्हणूनही नको. किती राहिलंय ते विचारा आणि त्यातलं मी इतकं देते म्हणा. त्या नको म्हणाल्या तर आग्रह एकदाच करा. पैसे घेण्याचं ओझं त्यांच्यावर टाकून आपलं मन हलकं करणं, हे पुन्हा तेच होईल. पैसे जमत नसतील, तर मावशींचं रेशनकार्ड, आधार आणि घरच्या सगळ्यांची नावं एकसारखी आहेत का, तेवढं एकदा तपासून द्या. नावातल्या एका अक्षरामुळे ऐन वेळी मंजुरी अडते. ते काम तुमच्यासारख्या शिक्षिकेला एका संध्याकाळचं आहे, आणि मावशींना तीन खाडे पडतात.

ज्यांना ज्यांना तुम्ही पंधरा वर्षं 'जाऊ नका' सांगितलंत, त्या सगळ्यांना शोधत बसायची गरज नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर दोन्ही हकिकती सांगा, 2010 ची आणि गेल्या दिवाळीची, आणि मग विचारा, 'तुमच्याकडे आजार काय आहे?' त्यांना इतकं पुरतं.

आणखी एक काम कराच. सरकारी नोकरीतल्या डॉक्टर-सिस्टरांच्या नावाने लेखी येतात त्या बहुतेक तक्रारीच. तुम्ही एक पत्र सिव्हिलच्या अधिष्ठात्यांना लिहा. वॉर्ड, तारखा आणि कुणी काय केलं ते नेमकं लिहा. रात्रपाळीच्या सिस्टरांचा उल्लेख मुद्दाम करा. त्यातच एक गोष्ट लिहा, की डायलिसिसच्या काळात रोज कुणीतरी येऊन नातेवाइकांना दोन मिनिटं समजावून सांगितलं होतं का. सांगितलं असेल तर त्याने तुम्हाला किती धीर आला ते लिहा, नसेल तर ते व्हावं असं लिहा. तुमच्या बहिणीच्या रात्री नेमकं हेच नव्हतं. दुसरं पत्र गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लिहा. त्यांची आठवण सहसा कुणी ठेवत नाही. पहिली बाटली त्यांनी लावली नसती तर पुढच्या सगळ्याला उशीर झाला असता.

तुमच्यासारख्या इतरांसाठी इथे सांगून ठेवते. उपचार चांगला होवो की वाईट, सरकारी असो की खासगी, कागद मागा. वैद्यकीय परिषदेच्या नियमाप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत रुग्णाची कागदपत्रं द्यायची असतात, आणि भरती रुग्णाची ती तीन वर्षं जपायची असतात. तुमच्या बहिणीचे कागद आता मिळणं अवघड आहे. पण त्या वेळी घरातल्या कुणी काही झेरॉक्स काढून ठेवल्या असतील, तर त्या एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेऊन 'त्या रात्री काय झालं असेल' एवढं विचारता येईल. आता त्यातून खटला उभा राहणार नाही. पण ज्या उत्तराची तुम्ही वाट बघत होता, त्यातलं थोडं हाती लागेल. मन धजत असेल तरच करा.

वडिलांचं सांगायचं राहिलं. घोणशीनंतर मूत्रपिंडं सावरली तरी काही महिने क्रिएटिनिन (मूत्रपिंडं किती काम करताहेत ते दाखवणारी रक्ताची तपासणी) तपासत राहावं लागतं. पुढची तारीख चुकवू देऊ नका, आणि कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या त्यांना घेऊ देऊ नका. शेतीची लाईट रात्रीचीच येणार आणि ते पाणी द्यायला जाणारच, ते तुमचं ऐकणार नाहीत. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चांगल्या झोताची बॅटरी घेऊन द्या. गमबूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे चिखलात उभ्या उभ्या चढवता येतील.